सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा रुग्णालयात दाखल होताना एक छापील अर्ज भरून द्यायचा होता. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब असे विचारत तिथला तरुण कर्मचारी ‘काही व्यसन?’ या रकान्याशी आला आणि मान वर न करताच त्याने तो प्रश्न वाचून दाखवला. मावशीला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. ‘‘छे हो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही,’’ ती म्हणाली आणि त्याने ‘नाही’पुढे खूण केली. त्या वेळी तिच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली, मशेरीची पत्र्याची डबी होती.

मावशी खोटे बोलली नव्हती. गेली चाळीस वर्षे ती सकाळ-संध्याकाळ, आणि मधल्या वेळी आणखी दोनदा, मशेरी लावत आली आहे. तंबाखूची पाने लोखंडी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठला की खिडक्या उघडायच्या, पाने निवली की हाताने चुरून त्यांची पूड डबीत भरायची, हे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या पुडीची चिमूट बोटावर घेऊन ती हिरड्यांवर फिरवायची आणि मग ओट्यापाशी थोडा वेळ काही न बोलता उभी राहायची. तिच्या लेखी हे दात घासणे होते. व्यसन म्हणजे दारू, जुगार आणि पुरुषांनी घर बुडवण्याचे उद्योग. दिवसाकाठी पाच वेळा घेतल्या जाणाऱ्या चहाचा तर कोणाच्या मनात प्रश्नच उद्भवला नाही.

शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिचे डोके असे ठणकू लागले की तिला उजेड सहन होईना. आम्ही तो भुलीच्या औषधाचा परिणाम मानला. पुढचे दोन-तीन दिवस तिला झोप लागेना, ती हातातली चादर उगाच चुरगाळत बसे, आणि ज्या सुनेशी तिचे कधी वाजले नाही तिच्यावर ती पेज गार झाली म्हणून ओरडली. ऑपरेशनने हिचा स्वभावच बदलला, असे घरातले म्हणू लागले. खरे कारण मला फार उशिरा उमगले. चहा आणि तंबाखू अशा दोन सवयी एकाच दिवशी तुटल्या होत्या आणि त्या दोन्हींची ओढ तिचे शरीर एकदम सोसत होते. अर्जावर ‘नाही’ असे लिहिलेले असल्यामुळे डॉक्टरांनाही ते कळायला मार्ग नव्हता.

‘व्यसन’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या प्रश्नांची मोट बांधतो, हे मला त्या प्रसंगाने शिकवले. एखाद्या पदार्थाची शरीराला इतकी सवय होते का, की तो थांबताच शरीर तक्रार करते, हा पहिला प्रश्न. तो पदार्थ शरीराला अपाय करतो का, हा दुसरा. आणि तो घेणारा माणूस चांगला की वाईट, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्र आणि वैद्यक यांतून मिळतात, तिसऱ्याचे उत्तर तिथे मिळत नाही. तरीही आपण आधी तिसऱ्याचा निकाल लावतो आणि त्या निकालाबरहुकूम पहिल्या दोहोंची उत्तरे ठरवून टाकतो.

हा शब्द मुळात फार व्यापक आहे. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकट, आपत्ती असाही अर्थ होतो, आणि कौटिल्य राज्यावरच्या आपत्तींसाठी तोच शब्द वापरतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायच्या अठरा व्यसनांची यादी आहे. तिच्यात मद्य आणि द्यूत आहेत, तशीच शिकार, दिवसाची झोप, गाणे-बजावणे आणि चहाडी हीसुद्धा आहेत. कर्तव्यापासून दूर नेणारी प्रत्येक गोष्ट तिथे व्यसन आहे. ती पदार्थच असावी लागत नाही आणि शरीराला तिची ओढ लागावी लागत नाही. आज आपण हा शब्द वैद्यकीय अर्जावर छापतो, पण ऐकणाऱ्याच्या कानी तो जुन्या, नीतीच्या अर्थानेच पडतो. मावशीला विचारलेला प्रश्न तिने ‘तुम्ही वाईट चालीच्या आहात का?’ असा ऐकला, आणि त्याचे उत्तर तिने प्रामाणिकपणे दिले.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे शरीराच्या सवयीकडे, नीट पाहू. चहा आणि कॉफी या दोहोंतले मुख्य उत्तेजक द्रव्य एकच, कॅफीन. 1819 मध्ये फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. ते आपल्याला ताकद देते, ही समजूत मात्र चुकीची आहे. मेंदू दिवसभर काम करतो, ऊर्जा खर्च करतो, तसे ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. त्या जागांवर ते जसजसे बसत जाते तसतशी आपल्याला मरगळ वाटते, जांभया येतात, झोप येते. कॅफीनच्या कणाची घडण ॲडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की तो त्याच जागा अडवतो, मात्र झोपेचा निरोप पुढे देत नाही. एसटी फलाटाला लागताच खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरली जाते, तसे हे आहे. रुमाल टाकल्याने गाडीतली गर्दी काही कमी होत नाही. माणसे मधल्या वाटेत उभी राहतात. थकवाही तसाच उभा असतो, आपल्याला तो जाणवत नाही एवढेच. रुमाल उचलला गेला की उभी असलेली माणसे एकदम बसतात, आणि चहाचा अंमल उतरताच दाटून येणारी मरगळ ती हीच.

रोज चहा पिणाऱ्याचा मेंदू यावर उपाय करतो. जागा अडवल्या जात आहेत असे दिसताच तो आणखी जागा तयार करतो. मग पूर्वी एका कपाने येणारी तरतरी दोन कपांनी येऊ लागते, आणि चहा मिळाला नाही तर त्या वाढीव जागांवरही ॲडिनोसिन बसते. ॲडिनोसिनचे आणखी एक काम मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावण्याचे आहे, आणि कॅफीन त्या आकसवते. कॅफीन अचानक थांबले की त्या रुंदावतात आणि डोके ठणकते. ही डोकेदुखी बहुधा शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठवडाभरात ती ओसरते. मावशीचे डोके दुखले ते नेमके याच वेळेला.

म्हणजे चहाची सवय खरी आहे, शरीरात मोजता येणारी आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या नियमावलीत कॅफीन तुटल्यामुळे होणारा त्रास अधिकृतपणे नोंदवला गेला. कॅफीनच्या व्यसनाला मात्र तिथे अजून पक्के निदान मानलेले नाही, त्यावर अधिक अभ्यास हवा एवढेच म्हटले आहे. तलफ आली की जीव कासावीस होतो, पण चहासाठी कोणी दागिने गहाण टाकत नाही, नोकरी गमावत नाही, आणि ठरवले तर बहुतेक लोक आठ-दहा दिवसांत चहा सोडू शकतात. सवय आणि व्यसन यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे उपवाससुद्धा हा फरक नकळत जपतात. एकादशीला धान्य वर्ज्य असते आणि चहा चालतो; चहाही बंद असता तर अर्धे घर दुपारी कपाळाला पट्टी बांधून पडले असते.

निकोटीनची गोष्ट याहून वेगळी आहे. तंबाखूतले हे द्रव्य 1828 मध्ये हायडेलबर्गच्या पॉसेल्ट आणि रायमान यांनी वेगळे काढले आणि ज्याँ निको या फ्रेंच राजदूताचे नाव त्याला मिळाले. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाच्या निरोप्यासाठी जागा असतात. निकोटीन त्या जागांवर बसते. कॅफीन रुमाल टाकून जागा नुसती अडवते, निकोटीन मात्र तिथे बसून स्वतःच हुकूम सोडू लागते. त्या हुकमाने डोपामिन हे सुखाशी जोडलेले द्रव्य पाझरते आणि जे केले ते पुन्हा करावे अशी खूण मेंदूत पक्की होते. विडी किंवा सिगारेट ओढल्यावर निकोटीन फुप्फुसातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. कृती आणि सुख यांच्यात इतके कमी अंतर असले की गाठ घट्ट बसते. दहा झुरक्यांची एक सिगारेट आणि दिवसाला दहा सिगारेटी म्हणजे मेंदूला एका दिवसात शंभर वेळा दिलेला धडा.

तंबाखू मळून खाणाऱ्याच्या बाबतीत हा वेग कमी असतो, पण तिथे चुना मदतीला येतो. एसटी स्टँडवर एखादा माणूस डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, दोन टाळ्या मारून भुकटी उडवतो आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढे हात करून मगच बार भरतो. या क्रियेत चांगले रसायनशास्त्र आहे. चुना अल्कधर्मी असतो; त्याच्या संगतीने निकोटीन अशा रूपात येते की ओठाच्या आतल्या पातळ त्वचेतून ते सहज रक्तात उतरते. हे तंत्र कोणा प्रयोगशाळेने शिकवलेले नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ते सापडले. मशेरीत चुना नसतो, पण हिरड्यांवर चोळण्याने आणि पूड तोंडात राहू देण्याने तेच काम सावकाश होते.

रक्तातले निकोटीन दोन तासांत निम्मे होते. मग अस्वस्थता येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढची विडी ओढली की बरे वाटते. ‘विडी ओढली की डोके शांत होते’ असे ओढणारे सांगतात, आणि ते खोटे नाही. मात्र ती शांती बहुतांशी आधीच्या विडीने निर्माण केलेल्या बेचैनीवरचा उतारा असते. हे ज्याला कळले, त्याला तंबाखू सोडणाऱ्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला रागीटपणा स्वभावाचा दोष वाटणार नाही.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. गरोदरपणात हा काळ बराच लांबतो. उलट, विडी-सिगारेटच्या धुरातली काही द्रव्ये यकृताला कॅफीनचा निचरा लवकर करायला लावतात. त्यामुळे धूम्रपान सोडणारा माणूस पूर्वीइतकाच चहा पीत राहिला तर त्याच्या रक्तातले कॅफीन वाढते, छाती धडधडते, झोप उडते. आणि हा सगळा त्रास सिगारेट सोडल्यामुळेच होत आहे असे समजून तो पुन्हा सिगारेटकडे वळतो. सिगारेट सोडताना चहा-कॉफी निम्म्यावर आणावी, एवढ्या साध्या सल्ल्याने काहींचा निश्चय टिकू शकेल.

अपायाच्या प्रश्नावर चहा आणि तंबाखू यांची बरोबरी होऊच शकत नाही, आणि मी हे जोर देऊन सांगतो, कारण ‘चहाही व्यसनच की’ असे म्हणून तंबाखूला पाठीशी घालणारे बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दर वर्षी 70 लाखांहून अधिक माणसे मरतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. त्यांत ओढणारे अवघे 3.8 टक्के होते आणि खाणारे, चोळणारे किंवा लावणारे 24.4 टक्के; काहीजण दोन्ही करणारे होते. आपले चित्रपटगृहातले इशारे आणि आपली भीती बरीचशी सिगारेटभोवती फिरते, आणि आपला तंबाखू मात्र ओठाखाली आणि हिरड्यांवर असतो. त्यात धूर नाही म्हणून तो निर्धोक नाही. तंबाखू मुरवताना, वाळवताना आणि भाजताना त्यात नायट्रोसामाइन गटातली कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, आणि त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. ज्या बायका जन्मात विडीला शिवल्या नाहीत आणि ज्यांच्या अर्जावर ‘व्यसन : नाही’ असे लिहिले जाते, त्यांच्या बाळांचे हे वजन आहे.

आणि सुपारी? ‘सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही’ म्हणताना आपण सुपारीला सर्वांत क्षुल्लक, जवळजवळ निष्पाप सवयीचे माप मानतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तिच्यात तंबाखू मुळीच नसला तरी, माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. तिच्यातले अरेकोलीन हे द्रव्य स्वतः उत्तेजक आहे. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचा आतला भाग हळूहळू कडक आणि पांढरट होतो, तोंड उघडेनासे होते, घास घेणेही जड जाते. हीच सुपारी आपण पूजेत गणपती म्हणून मांडतो. तिची ही जागा मला प्रिय आहे. पण पवित्रपणा आणि निर्धोकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चहाच्या बाजूने अपायाचा हिशेब छोटा आहे, पण तो शून्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असे म्हटले आहे. चहाच्या एका कपात 30 ते 65 आणि बियांपासून केलेल्या कॉफीच्या कपात 80 ते 120 मिलिग्रॅम असते. टपरीवरचे कटिंग या मानाने कमीच भरते. अधिक गंभीर बाब अशी, की चहातले टॅनिन जेवणातले लोह शरीरात शोषू देत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये असे तेच मार्गदर्शन सांगते. निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असलेल्या राज्यात, भाकरीबरोबर आणि अनेक घरांत भाकरीऐवजी चहा पिणाऱ्या बाईसाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही. साखरेचेही तसेच आहे. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत जवळपास 50 ग्रॅम साखर पोटात जाते. या अपायांबद्दल आपण फारसे बोलत नाही, कारण चहा आपण नीतीच्या परीक्षेत कधीच उत्तीर्ण करून टाकला आहे. पुण्यात चहाच्या दुकानाला अमृततुल्य म्हणतात, मुलगी पाहायला आलेल्यांपुढे चहाचा ट्रे येतो, अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात, आणि लाचेलाही सौम्य नाव द्यायचे तर ‘चहापाणी’ म्हणतात.

ही निष्पापता चहाला मुळापासून नव्हती. 1890 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने शहरातली बडी मंडळी जमली, त्यांना चहा-बिस्किटे दिली गेली, आणि पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली. मग ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, आणि रानड्यांनी ते घेतल्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले. या सगळ्या वादात चहाच्या अंगच्या गुणदोषांशी कोणाला कर्तव्य नव्हते. तो कोणाच्या हातचा, कोणाच्या छताखाली घेतलेला, हा प्रश्न होता. पदार्थ तोच, पण निवाडा हातांचा.

पुढे 1942 नंतर त्याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, महात्मा गांधींनी आरोग्यावर लिहिताना चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नाही असे मत मांडले; तंबाखूबद्दल तर त्यांची भाषा फार कठोर होती. पण तोवर चहाच्या बाजूने दुसरी शक्ती कामाला लागली होती. 1903 च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. 1930 च्या दशकात मंदीने परदेशी बाजार आटल्यावर मळेवाल्यांनी देशी गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतून चहा करण्याची कृती सांगणारे फलक लागले आणि चहा करून दाखवणारी माणसे गावोगाव हिंडली. चहा आपल्या स्वयंपाकघरात आला तो असा, विक्रेत्यांच्या चिकाटीमुळे. तो पुढे मोठ्या प्रमाणात निरुपद्रवी ठरला हे आपले सुदैव. आपण तपासून घेतला होता असे नाही.

तंबाखूचा आपल्याकडचा पहिला निवाडाही दख्खनशी जोडलेला आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेला तंबाखू विजापुरात रुळला होता. तिथे अकबराचा दूत म्हणून गेलेल्या असद बेगने 1604 च्या सुमारास तो आणि रत्नजडित हुक्का अकबराच्या दरबारात नेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, तेव्हा हकिमाने हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही आणि अनोळखी वस्तू घेऊ नये. असद बेगने प्रतिवाद केला की प्रत्येक वस्तू कधीतरी नवीच असते. 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली आणि तिचा उपयोग झाला नाही. त्याच शतकात तुकोबांच्या अभंगांत तोंडात तमाखूची नळी धरलेले भोंदू संत दिसतात. तुकोबांचा राग मला नीट समजतो असे वाटते; तो नळीपेक्षा सोंगावर आहे. नीतीचा प्रश्न जिथे खरोखर उभा राहतो तिथे, फसवणुकीपाशी, त्यांनी बोट ठेवले.

आपले आजचे निवाडे त्या मानाने फार आंधळे आहेत. शेतात खुरपायला जाणारी बाई कमरेच्या चंचीतून तंबाखू काढते तेव्हा कोणाच्या भुवया उंचावत नाहीत, पण शहरात एखाद्या तरुणीच्या हातात सिगारेट दिसली की तिच्या चारित्र्याची चर्चा होते. आजोबांची तपकीर विद्वत्तेची खूण ठरते आणि मजुराची विडी अडाणीपणाची. कमावता मुलगा वडिलांसमोर सिगारेट ओढत नाही, ती विझवतो, आणि या विझवण्याला संस्कार म्हणतात. तो दिवसाला किती ओढतो हे मात्र वडील विचारत नाहीत. लग्नाच्या जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द असतो, आणि वधूच्या घरी त्याचा अर्थ दारू पीत नाही एवढाच घेतला जातो. या प्रत्येक ठिकाणी माप पदार्थाला लावलेले नाही. ते माणसाच्या जातीला, वयाला, लिंगाला आणि खिशाला लावलेले आहे.

मग नीतीचा प्रश्न इथे मुळीच नाही का? आहे, आणि मी तो सोडायला तयार नाही. बंद खोलीत तान्ह्या मुलाशेजारी विडी ओढणे ही दुसऱ्याच्या शरीराला केलेली इजा आहे. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला आणि शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तो विकायला मनाई केली. ती मोडून शाळेच्या भिंतीला टेकलेल्या टपरीवर पुड्यांच्या माळा टांगणारा माणूस नीतीच्या न्यायालयात उभा केलाच पाहिजे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक असते. ज्याने हे सारे माहीत असून त्यावर पैसा केला, त्याच्यापेक्षा ज्याला पंधराव्या वर्षी पहिली पुडी मित्राने दिली आणि चाळिसाव्या वर्षी ती सुटत नाही, त्याला आपण अधिक कठोरपणे दोष देतो. हे मला अन्यायाचे वाटते.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी 1976 मध्ये एक महत्त्वाचा भेद मांडला होता, की लोक निकोटीनसाठी धूम्रपान करतात पण मरतात ते धुरातल्या चिकट डांबरामुळे. आपल्या मशेरी-गुटख्याला तो भेद जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण इथे डांबराविनाही कर्करोग होतो. मात्र ओढ लावणारी वस्तू आणि जीव घेणारी वस्तू वेगळी असू शकते, हा विचार सुटकेचा मार्ग दाखवतो. निकोटीनचे चघळायचे गम याच विचारावर उभे आहे. त्यातही निकोटीनच असते, पण धूर नसतो आणि तंबाखूची पानेही नसतात, आणि मात्रा हळूहळू उतरवता येते. ‘एक सोडून दुसरे धरले’ असे म्हणून अशा माणसाची टर उडवणाऱ्यांना मी विनंती करीन, की आधाराच्या काठीला कोणी दुसरा पाय म्हणत नाही. सरकारची मोफत मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर आहे आणि तो तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. पण ज्याला आपण तंबाखू घेतो हेच मान्य नाही, तो हा क्रमांक कशाला फिरवील?

मावशीच्या बाबतीत हेच घडत होते. आम्ही भाच्यांनी तिला समजावले, रागे भरलो, एकदा मी डबी लपवून ठेवली. त्याचा परिणाम एवढाच झाला, की ती न्हाणीघरात कडी लावून मशेरी लावू लागली आणि डबीची जागा तिने बदलली. लाज वाटली की माणूस सवय सोडत नाही, आधी ती लपवतो; आणि लपवलेल्या सवयीवर कोणताही डॉक्टर औषध देऊ शकत नाही. डबी लपवणे ही माझी चूक होती.

गेल्या पावसाळ्यात तिच्या हिरड्या दुखू लागल्या, म्हणून तिला तालुक्याला दंतवैद्याकडे नेले. तिथली परिचारिका पन्नाशीची, गावाकडची असावी. तिने अर्ज पुढे केला नाही. मावशीला खुर्चीवर बसवले, पदर नीट करायला मदत केली आणि विचारले, ‘‘मावशी, दात कशानं घासता?’’

‘‘मशेरीनं,’’ मावशी म्हणाली.

‘‘दिवसातनं किती वेळा?’’

‘‘चार येळा. कवा कवा रातीबी लागते, झोप येत न्हाई नायतर.’’

परिचारिकेने मान डोलावली आणि ते तिच्या बोलीतच कागदावर उतरवले.